जवळ्याची कोंबडी

मस्कतच्या रुवी भागात बस्त्यावकाकांच्या कढईसमोर उभं राहून काय वाटेल ते बोलावं, पण "यात काय घातलंय?" असं विचारू नये, हे आम्हा जुन्या गिऱ्हाइकांना पक्कं ठाऊक होतं. नवा माणूस विचारायचाच. आखातात तो रिवाज आहे. कोणाला डुक्कर चालत नाही, कोणाला गाय, कोणाला सोमवारी काहीच नाही. परक्याच्या हातचं खाताना माणूस आधी चौकशी करतो, आणि ‘का विचारतोस?’ असं त्याला कोणी उलट विचारत नाही. बस्त्यावकाका झारा कढईच्या काठावर आपटून तेल निथळवत आणि त्या माणसाकडे न बघता म्हणत, "हलाल हाय. कोंबडी हाय. खा, नायतर फूट." हिंदीवाल्याला हेच हिंदीत, मल्याळ्यालाही हिंदीतच, आणि ओमानी गिऱ्हाइकाला नुसतं "हलाल, हलाल" म्हणून एक तुकडा चाखायला. तुकडा तोंडात गेला की पुढचं विचारायचं राहूनच जाई.

वरचं कवच कुरकुरीत, आत रस, आणि गिळल्यावर जिभेच्या मुळाशी एक खारट, खोल चव रेंगाळायची. ती कशाची ते लवकर कळायचं नाही. मी डोंबिवलीत वरण-भात आणि लिंबाच्या फोडीवर वाढलेला माणूस. मस्कतला ड्राफ्ट्समन म्हणून आलो आणि पहिल्या महिन्यातच या कोंबडीनं मला बाटवलं. खायला बसलो तेव्हा शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली होत्या, म्हणून काका मला कायम ‘पेन्सिल’च म्हणाले. खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

ठेला असा तो नव्हताच. सालिम नावाच्या एका म्हाताऱ्या ओमान्याचं कॉफी शॉप होतं. काकांचा व्हिसा त्याच्याच नावावर, म्हणून तो त्यांचा अर्बाब. आत चहा आणि पराठे एक मल्याळी सांभाळायचा. दाराबाहेर पत्र्याच्या सावलीत काकांची कढई, गॅसची शेगडी आणि प्लास्टिकच्या सहा खुर्च्या. पण सगळी रुवी त्याला ‘बस्त्यावचा ठेला’च म्हणायची.

काका वसईचे, किनाऱ्यावरचे ख्रिस्ती कोळी. बुटके, रुंद, डोक्याला जहाजावरची जुनी टोपी. उजव्या हाताला कोपरापर्यंत तेलाच्या शिंतोड्यांचे डाग. पहिला तुकडा तेलात सोडण्याआधी कपाळ, छाती, खांदे असा क्रूस करायचे, आणि त्याच हातानं शेगडीला एक चापट मारायचे. शुक्रवार म्हणजे तिकडे सुट्टीचा दिवस, धंद्याचा खरा दिवस. सकाळी चर्चला जाऊन आले की दुपारी कढई तापायची. पण शुक्रवारी त्यांना स्वतःला मांस वर्ज्य. दिवसभर दुसऱ्यांना तळून घालायचे आणि स्वतः खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, चहात बुडवून खायचे. "तोंडाला पाणी नाही सुटत?" मी एकदा डिवचलं. म्हणाले, "सुटतं ना. म्हणून तर उपास बोलतात त्याला."

पार्सल द्यायचे नाहीत. कोंबडी कढईतून निघाल्यापासून पाच मिनिटांत पोटात गेली पाहिजे, हा हट्ट. आमच्या कंपनीचा मॅनेजर एकदा एसी गाडीतून आला, काच खाली करून म्हणाला, बायकोसाठी बांधून द्या. काका म्हणाले, "बाईला खाली उतरव." तो तणतणत निघून गेला. पुढच्या आठवड्यात बाई स्वतःच उतरली आणि उभ्याउभ्या चार तुकडे खाऊन गेली. काकांनी तिच्यासाठी खुर्ची पुसली होती, ती तशीच राहिली.

त्या चवीचं मूळ मला कळलं ते ओळख वर्षभर मुरल्यावर.

काका तरुणपणी मालवाहू जहाजावर भंडारी होते, म्हणजे खलाशांचे स्वयंपाकी. जहाज सिंगापूरला लागलं की उतरून बंदराजवळच्या गाड्यांवर खायचं. तिथं एका म्हाताऱ्या चिन्याच्या गाड्यावर त्यांनी तळलेली कोंबडी मागितली. तो चिनी कोंबडी मुरवायचा बारीक कोळंबीच्या आंबवलेल्या चटणीत.

"पयला घास घेतला नि मना आमचं खलं आठवलं," काका सांगत. खळं म्हणजे किनाऱ्यावर मासळी वाळवतात ती जागा. "आई जवला सुकवायची, तोच वास. इतक्या लांब, चिन्याच्या कोंबडीत! मी खात होतो नि रडत होतो. चिन्याला वाटलं जीभ भाजली. तो हसला, नि आनखी एक तुकडा टाकला पुढ्यात."

पुढच्या प्रत्येक फेरीत ते त्याच्या गाड्यामागं खोक्यावर बसून नुसतं बघत राहिले. दोघांत एक शब्द सामाईक नव्हता. चौथ्या फेरीला चिन्यानं झारा त्यांच्या हातात दिला. पाचव्या फेरीला गाड्यावर दुसराच माणूस होता.

"मेला असेल. विचारायला भाषा कुठं होती?" एवढं बोलून काका पुढचा तुकडा तेलात सोडायचे.

गुडघे गेले तशी बोटीवरची नोकरी सुटली, आणि काका मस्कतला आले. चिन्याची चटणी इथं मिळेना. मग त्यांनी आपला जवळा घेतला. करंगळीच्या नखाएवढ्या सुक्या कोळंब्या मिठाबरोबर कुटायच्या, बरणीत भरून गच्चीवर उन्हात मुरवायच्या आणि त्यात कोंबडी रात्रभर ठेवायची. जवळा यायचा वसईहून, त्यांच्या बायकोच्या, फिलूबाईंच्या हातचा. सुट्टीवरून येणारा जो कोणी तावडीत सापडेल त्याच्या बॅगेतून. एकदा मी सापडलो. मस्कतच्या सीब विमानतळावर माझी बॅग उघडली आणि कस्टमचा माणूस दोन पावलं मागं सरला. त्यानं सूर बंदराकडच्या एका सहकाऱ्याला हाक मारली. त्यानं मूठभर जवळा हुंगला, मान डोलावली आणि मला विचारलं, "तुमच्या हिंदुस्तानात उंट आहेत?" त्यांच्याकडे सुकी मासळी उंटांना घालतात. मी हो म्हणालो आणि सुटलो. माझ्या शर्टांना महिनाभर वास येत होता. ऑफिसात मी आलो की मॅनेजर खिडकी उघडायचा.

हे सगळं गुपित ठेवायचं कारणही साधं होतं. सुरुवातीला काका खरं सांगायचे. मग एका सुपरवायझरनं सगळ्यांदेखत घास थुंकला. उत्तर प्रदेशातले चारजण ‘हमारे यहाँ झींगा नहीं चलता’ म्हणत ताटं सोडून उठले. अर्बाब घाबरला. म्हणाला, खलास, उद्यापासून काही सांगायचं नाही. तेव्हापासून नाही सांगितलं. जाणणारे आम्ही तिघंचौघं. अर्बाब, आतला मल्याळी, मी, आणि दाभोळकडचे हमीदभाई, जे पिकअपमधून कापडाचे गठ्ठे दुकानांना पोचवायचे. त्यांना सांगावंच लागलं नव्हतं. पहिल्या घासालाच डोळे मिटून म्हणाले, "बस्त्याव, लेका, घर आठवलं," आणि वर काही विचारलं नाही.

आम्हाला त्या गुपिताची मजा वाटायची. माणसं नाकं मुरडतात तीच गोष्ट बोटं चाटून खातात, हे बघताना एक प्रकारचा माज चढतो. मला तर फार चढला होता.

विलास आमच्या कंपनीत इलेक्ट्रिशियन होता. बार्शीकडचा, सत्ताविशी-अठ्ठाविशीतला, नव्यानं आलेला. कोणाच्या डब्यात मासा निघाला की तो आपला डबा उचलून दुसऱ्या टेबलाशी जायचा. मी त्याला घाटी म्हणून चिडवायचो. घाटावरची माणसं माशाला नाक मुरडतात, एवढंच माझं ज्ञान. त्यापलीकडे काही कारण असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही. एका शुक्रवारी दुपारी मीच त्याला ठेल्यावर घेऊन गेलो.

त्यानं विचारलं. सरळ विचारलं. "काका, यात मासा-बिसा न्हाय ना?"

काकांनी झारा आपटला. "कोंबडी हाय रे बाबा. मासा पाण्यात रावतो, कोंबडी झाडावर. खा."

विलास माझ्याकडे बघून हसला. मी काय केलं? मी ताट त्याच्या पुढं सरकवलं आणि म्हणालो, "खा रे, रोज खातो मी." मला हसू आवरत नव्हतं. संध्याकाळी ऑफिसच्या मंडळींना सांगायला किस्सा मिळाला होता.

दोन तुकडे खाल्ले त्यानं. तिसरा मागून घेतला. खाताना मान खाजवत होता. मी म्हटलं, घामोळं असेल. मग त्याला जरा कसंतरी व्हायला लागलं आणि तो टॅक्सी करून बौशरला आपल्या खोलीवर गेला.

शनिवारी कामावर गेलो तर विलास नव्हता. त्याचा खोलीसोबती गेटशी उभा राहून सगळ्यांना सांगत होता. खोलीवर आला तेव्हा अंगभर गांधी उठल्या होत्या. ओठ टरारून सुजले होते. घसा धरून बसला. उलट्या झाल्या. हॉस्पिटलात नेईपर्यंत संपला. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं. कागद झाले, पेटी झाली, विलास गावी गेला.

हे मी काकांना जाऊन सांगितलं. गांधी आणि ओठ ऐकल्यावर त्यांनी शेगडी बंद केली. तेलात सहा तुकडे होते, ते तसेच बुडत गेले.

"जहाजावर एक गडी होता," ते म्हणाले. "खेकडा खाल्ला नि असाच फुगला. कप्तानाकडं सुई होती म्हणून जगला." मग झारा शेगडीवर आडवा ठेवला. "पेन्सिल, मी मारला त्याला."

मी चिडलो. घाबरलो की मी चिडतो. म्हणालो, "काका, कागदावर हार्ट लिहिलंय. डॉक्टरांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का? तोंड उघडलंत तर तुरुंगात जाल, अर्बाबाचं दुकान जाईल, वर तो काही परत येणार नाही." सगळं खरं होतं. पण माझ्या मनात तुरुंग त्यांचा नव्हता. फॅमिली व्हिसा नुकताच मिळाला होता मला. बायको आली होती, मुलाला शाळेत घातलं होतं. त्या दिवशी ताट कोणी पुढं केलं हे कोणी विचारू नये, एवढीच माझी इच्छा होती.

अर्बाबाच्या आग्रहाखातर चार दिवसांनी कढई पुन्हा तापली. पण काका पहिले राहिले नाहीत. आता कोणी काही न विचारता स्वतःच विचारायचे, "कोळंबी, खेकडा काय खाऊन अंगावर उठतं का? घसा धरतो का?" सगळ्यांना, रांगेतल्या प्रत्येकाला, त्यांच्या मोडक्या हिंदीत. उत्तर नीट मिळालं नाही तर ताट देत नसत. लोक हसायचे. डॉक्टर बस्त्याव म्हणायला लागले. मग हसायचेही कंटाळले आणि यायचे कमी झाले. चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसतात, प्रसाद घ्यायला उठत नाहीत, असं त्यांच्या गाववाल्यांनी सांगितलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "फादरला सांगितलं मी. फादर बोलला, देवानं माफ केलं. देवाचं काय गेलं माफ करायला? ज्याचं गेलं त्याला सांगायला पायजे."

ते कधीच सांगणार नाहीत, असं मी स्वतःला समजावत होतो. पण विलासचा थोरला भाऊ दत्ता त्याची उरलेली बॅग न्यायला दोन तासांवरच्या इब्राहून आला. इब्राच्या बाजारात तो एसी आणि फ्रिज दुरुस्त करायचा. मी बॅग दिली. ऊन फार होतं म्हणून सावलीला बसू म्हणाला, आणि पाय आपोआप ठेल्याकडे वळले. दत्तानं काही खाल्लं नाही. नुसता बसून बोलत राहिला.

"खोलीत बाटली घावली म्हनं. ती दुसऱ्याची. पन पोरं म्हनाली, हितं दारू मिळंना म्हून शुक्रवारचं स्पिरिट नायतर अत्तर प्यालं असंल. ते बोलनं गावापातूर गेलं. बा आमचा लई कडक मानूस. आयुष्यात दारूचं नाव घेतलं न्हाय. म्हनला, पोरगं दारूनं गेलं, माझ्या घरात त्येचा फोटो लागायचा न्हाय. आईनं फोटो पेटीत ठेवलाय. बा झोपल्यावर काढून बघती."

काका झारा हातात धरून उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. दत्ता बॅग उचलून गेला.

पुढच्या गुरुवारी दुपारी काका हमीदभाईंच्या पिकअपमध्ये बसले आणि मला म्हणाले, "तू बी चल. तू होतास." तोंडानं नाही म्हणवेना, म्हणून बसलो. वाटेत हमीदभाई त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नाचं बोलत होते. काका मध्येच ‘हां’ म्हणत होते.

इब्राच्या दुकानात दत्ता एका फ्रिजच्या मागचे स्क्रू काढत खाली बसला होता. काकांनी टोपी काढली. मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच बघत होतो. त्यांनी सगळं सांगितलं. जवळा, बरणी, विचारलेला प्रश्न, दिलेलं उत्तर. माझं नाव कुठंच घेतलं नाही. "मी खोटं बोललो. तुझ्या भावानं दारूचा थेंब घेतला नव्हता. मी मारला त्याला. तुना पोलिसात जायचं असल तर मी येतो सोबत."

दत्ता स्क्रू काढतच राहिला. एक, दोन, तीन काढले आणि मांडीवर ओळीनं ठेवले. मग विचारलं, "आवडलं व्हतं का त्याला?"

"तिसरा तुकडा मागून घेतला," काका म्हणाले.

दत्तानं मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "पोलिसाचं मला काय करायचं?" तो म्हणाला. "मला न्हाय, माझ्या बा ला सांगा."

दत्ताच्या गावी किराणा दुकानात फोन होता. दत्तानं दुकानदाराला सांगून बापाला बोलावणं धाडलं, वीस मिनिटं थांबून पुन्हा नंबर फिरवला. काकांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, मोठमोठ्यानं, थांबून थांबून. पलीकडचं आम्हाला ऐकू येत नव्हतं. मग काका म्हणाले, "नाय हो, मना कोनी पैसे दिले नाय. दत्तानं नाय पढवलं." आणि थोड्या वेळानं, "हाय ना. होता दुसरा मानूस तिथं. ह्यो बघा, विचारा त्याला."

आणि त्यांनी रिसीव्हर माझ्यापुढं धरला.

दत्ता माझ्याकडे बघायला लागला. मी त्या दिवशी तिथं होतो हे त्याला आत्ता कळत होतं. मी रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून एक कोरडा, म्हातारा आवाज आला. "तुमी व्हता का तितं? तुमी बगितलं का, माझं पोरगं काय खाऊन गेलं?"

एवढंच विचारलं होतं त्यांनी. हो म्हणायचं होतं. एक अक्षर.

मी म्हणालो, "मी उशिरा गेलो होतो, बाबा. मला काही ठाऊक नाही."

पलीकडं फोन ठेवल्याचा आवाज झाला. मीही ठेवला. काका माझ्याकडे बघत नव्हते, फोनच्या गुंडाळलेल्या वायरीकडे बघत होते. दत्ता एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. या दोघांतला खोटा कोण, ते त्याला ठरवता येईना. मला मात्र त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं. ते आजही आठवलं की मला स्वतःची किळस येते.

परतताना हमीदभाईंनी लग्नाचा विषय काढला नाही. रुवीचे दिवे दिसायला लागले तेव्हा काकांनी विचारलं, "पोरगा किती वर्षांचा झाला तुझा?"

"सात."

"हां," ते म्हणाले. शिवी नाही, दोष नाही, नुसतं हां. त्यांनी तिथंच थोबाडीत मारली असती तर फार बरं झालं असतं.

महिन्याभरात काका मस्कत सोडून गेले. अर्बाबाला त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. म्हातारा सालिम बराच वेळ माळ ओढत बसला. मग म्हणाला, तू घरी जा, हे दुकान मी असंही बंद करणारच होतो. काकांनी सांगितलं की ते वसईला नाही, आधी बार्शीकडे जाणार. समोर जाऊन बसल्याशिवाय विलासचा म्हातारा बाप मानायचा नाही. मी विमानतळावर पोचवायला गेलो नाही. ऑफिसात काम असल्याचं सांगितलं. काम नव्हतं.

पुढचं मला दत्तानं सांगितलं, वर्षभरानं, घरी पैसे पाठवायला उभा होतो तेव्हा, रुवीच्या एक्स्चेंजच्या रांगेत. काका तिकडे गेले तेव्हा तो सुट्टीवर घरीच होता. बापानं काकांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. काका बाहेरच्या ओट्यावर बसले आणि बोलले. दुसऱ्या दिवशीही बसले. बापानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, त्या दिवशी ज्याच्या हातात फोन दिलात तो खरंच तिथं होता का?

"काका म्हनले, न्हवता," दत्ता म्हणाला. "म्हनले, मी घाईत त्याचं नाव घेतलं. मी एकटाच व्हतो." दत्ता माझ्या डोळ्यांत बघत होता. "बा म्हनला, मंग दुसरं बी घाईतच बोलत असशील. उठ. काका उठले." रांग पुढं सरकली. दत्ता सरकला नाही. "तुमी व्हता ना?"

मी मान खाली घातली. त्याला कळलं. तो रांग सोडून निघून गेला आणि मला पुन्हा कधी भेटला नाही.

ज्या माणसानं एका खोट्यापायी सगळं सोडलं होतं, तो माझ्यासाठी पुन्हा खोटं बोलला होता, आणि त्या खोट्यानं त्याचं खरंही बुडवलं होतं. हे कळूनही मी लगेच उठून गेलो असं नाही. नोकरी होती, मुलाची शाळा होती, सुट्ट्या सासुरवाडीला जात होत्या. कारणांना काय तोटा? वसईला गेलो ते दोन हजार चारच्या मे महिन्यात. विचारत विचारत किनाऱ्यालगतच्या त्यांच्या घरी पोचलो. काका ओसरीवर जाळं सांधत बसले होते. फार वाळले होते, एका बाजूचा हात थरथरत होता. फिलूबाई सुपात काहीतरी निवडत होत्या. मला बघून काका म्हणाले, "आरे, पेन्सिल!" आणि तोंडभर हसले.

मी बसलो नाही. रस्ताभर घोकून आणलेलं एका दमात बोललो, "काका, चला. आजच निघू. मी येतो बार्शीला. मी सांगतो त्यांना, मी होतो म्हणून."

काकांनी जाळं बाजूला ठेवलं. "म्हातारा मागल्या दिवाळीत गेला रे," ते म्हणाले. "दत्तानं कार्ड टाकलं होतं."

"आणि फोटो?"

"नाय लावला. आई आधीच गेली होती."

मग मी खाली बसलो. फिलूबाईंना काही समजेना. ‘आता परत त्या बार्शीचं काय काढलंत?’ म्हणाल्या. नवऱ्यानं परदेशातली नोकरी का सोडली, तो मध्येच त्या गावाला कशाला गेला, हे त्यांनी ऐकलं होतं, पण त्यांचाही विश्वास बसला नव्हता. उन्हानं डोकं फिरलं असं त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. गावही तेच म्हणत होतं. काकांनी पुन्हा जाळं उचललं, तेव्हा मीच त्यांना सांगितलं. त्या पोरानं प्रश्न विचारला तेव्हा मी तिथं होतो. कोंबडीत काय आहे ते मला ठाऊक होतं. ताट मी पुढं सरकवलं. आणि बापानं विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो.

फिलूबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या आधी नवऱ्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"तवा का नाय बोललात?"

"राव दे, फिलू," काका म्हणाले. "मानूस घाबरतो. पाव्हना उन्हातून आलाय, पानी दे त्याला."

त्या उठल्या. आतून पेला भरून आणला, पण माझ्या हातात दिला नाही. माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि आत निघून गेल्या. मी त्याकडे बघत राहिलो. उचलायचा धीर होईना. तेव्हा काका भिंतीला धरून उठले, थांबत थांबत गुडघ्यातून वाकले, थरथरत्या हातानं तो पेला उचलला आणि माझ्या हातात दिला.